शाहजोग हुंडी, विकेंद्रित ओळख आणि ऋणकोचा एकांत

मराठी व्यवहारभाषेत ‘ओळख’ आणि ‘पत’ हे दोन शब्द नेहमी एकमेकांच्या आसपास वावरतात. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. ओळख म्हणजे समोरचा मनुष्य तोच आहे ही खात्री. पत म्हणजे तो दिला शब्द पाळील ही खात्री. पहिलीला चेहरा, नाव, गाव आणि एखादी साक्ष पुरते. दुसरीला काळ लागतो. ब्लॉकचेनवर आधारलेल्या अर्थव्यवहाराच्या पुरस्कर्त्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेने, आणि तीही कोणत्याही मध्यवर्ती सत्तेवाचून, सिद्ध करण्याचा जो उद्योग आरंभिला आहे, त्याचे परीक्षण आजवर बहुधा संगणकशास्त्राच्या अंगाने झाले. ते व्यवहारेतिहासाच्या अंगानेही व्हावयास हवे. आणि त्यासाठी नांदेड व लातूर या दोन बाजारपेठांचा परिसर अपुरा पडेल असे नाही. एका राजवटीतून दुसरीत, एका नाण्यातून दुसऱ्यात आणि एका दप्तरातून दुसऱ्यात हा परिसर इतक्या वेळा गेला आहे की, कागदावरची ओळख किती टिकाऊ आणि किती ठिसूळ असते याचा त्याला चांगला अनुभव आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. २०२२ हे वर्ष या विचाराच्या वाटचालीत महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ग्लेन वाइल, पूजा ओलहेवर आणि इथेरियमच्या संस्थापकांपैकी विटालिक ब्यूटेरिन या तिघांचा ‘डीसेंट्रलाइज्ड सोसायटी : फाइंडिंग वेब थ्रीज सोल’ हा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला, आणि जुलै महिन्यात वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने विकेंद्रित ओळखचिन्हाचे प्रमाणक अंतिमतः स्वीकारले. प्रमाणकाचा आशय थोडक्यात असा : व्यक्तीने आपले ओळखचिन्ह स्वतःच निर्माण करावे, त्याची गुप्त किल्ली स्वतःजवळ ठेवावी, विद्यापीठाने पदवीचा, बँकेने परतफेडीचा, तहसीलदाराने रहिवासाचा दाखला त्या चिन्हाच्या नावे स्वाक्षरी करून द्यावा, आणि ज्याला पडताळणी हवी असेल त्याने दाखला देणाऱ्याचे दार न ठोठावता ती स्वाक्षरी तपासावी. दाखला देणारा, बाळगणारा आणि तपासणारा हे तीन पक्ष येथे सुटे केलेले आहेत. आज बँकेत किंवा सरकारी कचेरीत ओळख पटविताना पडताळणीची विचारणा मध्यवर्ती कोठाराकडे जाते आणि तेथे तिची नोंद राहू शकते. या व्यवस्थेत ती जात नाही. हा लाभ लहान नाही.

निबंधकारांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. ब्लॉकचेनवरील कर्जव्यवहारात आज ऋणकोला घेतलेल्या रकमेपेक्षा अधिक मूल्याचे तारण ठेवावे लागते. कारण समोर खाते असते, माणूस नसतो. शंभराचे कर्ज मिळविण्यासाठी दीडशेचे सोने गहाण टाकण्यासारखाच हा प्रकार. ज्याच्याजवळ दीडशे आहेत त्याला शंभराची निकड का लागावी, हा प्रश्न लातूरच्या आडत बाजारातला हमालही विचारील. निबंधकारांचा उपाय असा की, व्यक्तीच्या खात्याला हस्तांतर न होणारी चिन्हे कायमची जडावीत. या खात्याला ते ‘आत्मा’ म्हणतात. शिक्षण, नोकरी, संस्थेचे सभासदत्व, घेतलेले कर्ज, फेडलेले कर्ज, सारे त्या आत्म्याला चिकटलेले असेल. कर्ज थकले असता ते लपविता येणार नाही. फेडले असता त्याची जागा परतफेडीचे चिन्ह घेईल. अशा रीतीने तारणावाचून केवळ पतीवर कर्ज देता येईल, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

‘आत्मा’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला प्रथम खटकतो. आत्म्याला काही चिकटत नाही, जे चिकटते ते कर्म, असे येथील सामान्य कीर्तनश्रोताही जाणतो. परंतु शब्दावर अडून बसण्याचे कारण नाही. कर्जाचे चिन्ह जन्मभर वागविणाऱ्या खात्याला ‘कर्मखाते’ म्हटले असते तर निबंधाचा हेतू अधिक स्पष्ट झाला असता, एवढेच.

मध्यवर्ती सत्तेवाचून ओळख आणि पत सिद्ध करण्याची रीत सर्वस्वी नवी आहे, हा मात्र समज टिकणारा नाही. हुंडीची पद्धत या बाबतीत अभ्यसनीय आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यात हाली सिक्का चाले, आणि मुंबईकडच्या देवघेवीत कलदार. दोहोंमधला बट्टा सांभाळून कापूस, गळिताची धान्ये आणि कापड यांचा व्यवहार करावयाचा तर नाणी वाहून नेण्यापेक्षा हुंडी करणे सोयीचे होते. बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आल्यावर आणि नांदेड कापसाची पेठ म्हणून वाढल्यावर अशा व्यवहारांची गरज वाढली असली पाहिजे. हुंडीचे प्रकार अनेक होते : दर्शनी आणि मुदती हा भेद काळाचा, देखणहार, धनीजोग, शाहजोग हा भेद पैसे कोणाला द्यावयाचे याचा. प्रस्तुत विषयाला शाहजोग हुंडीच महत्त्वाची. ही हुंडी घेऊन येणाऱ्या कोणालाही पैसे मिळत नसत. ते ‘शाहा’लाच, म्हणजे त्या पेठेत ज्याची प्रतिष्ठा मान्य आहे अशा सावकारालाच, मिळत. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते व्याजासह परत करावेत किंवा अपराध्याला हजर करावे, असा रिवाज होता आणि न्यायालयांनीही तो मानला. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने पहिल्याच कलमात देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही, ही गोष्ट त्या रिवाजाच्या बळाची साक्ष आहे.

शाहजोग हुंडीत परका मनुष्य स्वतःची ओळख पेढीला पटवीत नाही. त्याला स्थानिक शाहा गाठावा लागतो. शाहा त्याला ओळखतो, पेढी शाहाला ओळखते, आणि ओळखीतील चूक ज्याने ओळख दिली त्याच्या अंगावर पडते. येथे दाखला देणारा नुसती स्वाक्षरी करून मोकळा होत नाही. तो जोखीम उचलतो. नव्या प्रमाणकात नेमके हेच नाही. त्यात स्वाक्षरी खरी आहे हे निर्विवाद सिद्ध होते. दाखल्यातला मजकूर खोटा निघाल्यास भरपाई कोणी करावी, हे मात्र प्रमाणकाबाहेरच्या करारांवर आणि कायद्यांवर सोडलेले आहे. गणिताने स्वाक्षरीचा प्रश्न सोडविला, जामिनाचा नाही.

हुंडीच्या मजकुरातही सावधगिरीच्या अशाच युक्त्या होत्या. रक्कम लिहून पुन्हा तिची निमपट लिहावयाची आणि ‘याचे दुप्पट’ असे नोंदवावयाचे, म्हणजे एका आकड्यात खाडाखोड केली तर दुसरा चुगली करी. हुंडी लिहिणारा आपल्या आडत्याला निराळे पत्र पाठवून तिची वर्दी देई. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’. ब्लॉकचेनवरील खात्याची गुप्त किल्ली हरवली तर पेठ नाही आणि परपेठही नाही. खाते दिसत राहते, उघडत नाही.

आणखी एक भेद आहे, आणि प्रस्तुत परीक्षणाचा भर त्यावरच आहे. हुंडीचा व्यवहार अनेक पेढ्यांच्या वह्यांत विखुरलेला असे. नांदेडच्या पेढीच्या खतावणीत मुंबईच्या आडत्याचे खाते. त्या आडत्याच्या वहीत आणखी कोणाचे. प्रत्येकाला आपल्या आधीचा आणि आपल्या नंतरचा ठाऊक. संपूर्ण साखळी कोणाच्याच वहीत नाही. ज्ञानच विखुरलेले होते. ब्लॉकचेनमध्ये याच्या उलट घडते. तेथे वही एकच असते, आणि तिच्या प्रती हजारो ठिकाणी असतात. ताबा विकेंद्रित, परंतु माहिती संपूर्ण आणि सर्वांपुढे. वहीच्या प्रती वाटल्या गेल्या, वही वाटली गेली नाही. ‘विकेंद्रित’ या एकाच विशेषणाने या दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यामुळे ज्याचा ताबा कोणा एकाजवळ नाही त्यात खाजगीपणा आपोआप सुरक्षित राहतो असा भ्रम उत्पन्न होतो.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनविषयक लेखात ही अडचण जाणलेली आहे. तेथे उपाय सांगितला तो असा की, व्यवहार सर्वांना दिसावेत परंतु चिन्हामागचा मनुष्य दिसू नये. आणि एकदा एका चिन्हाचा धनी उघड झाला की त्याचे इतर व्यवहारही उघडे पडण्याचा धोका तेथेच नोंदविलेला आहे. म्हणजे बिटकॉइनमध्ये एकांताचा सारा भार ओळख नसण्यावर आहे. उलट आत्म्याला चिन्हे जडविणाऱ्या निबंधात पतीचा सारा भार ओळख असण्यावर आहे. एकाच वहीवर या दोन मागण्या लादल्या तर एकीचा बळी जाणारच. निबंधकारांना हे कळत नाही असे नव्हे. सर्वांना दिसणारी चिन्हे हा आरंभ आहे, पुढे त्यांतील मजकूर साखळीबाहेर ठेवता येईल, असे ते म्हणतात. इतकेच नव्हे तर अशा चिन्हांच्या आधारे नावडत्या समाजगटांना कर्जापासून वगळले जाईल ही भीतीही त्यांनी स्वतःच बोलून दाखविली आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप एवढाच की, ही भीती ते संभाव्य दुरुपयोगाच्या सदरात घालतात. वस्तुतः कर्जव्यवहारात ती मूळ स्वरूपाचाच भाग आहे.

याचे कारण हुंडीच्या जगातच सापडते. त्या जगाचे वर्णन करताना एक गोष्ट विसरली जाते. हुंडी शाहाशाहांमध्ये चाले. त्याच पेढीच्या ओट्यावर बसलेला कुणबी हुंडी लिहीत नसे. तो खतावर निशाणी करी. पूर्वीच्या कागदांत ही निशाणी नांगराची असे, स्त्रीची काकणाची. पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. नांगर ही एका माणसाची खूण नव्हे, एका धंद्याची आहे. अंगठा मात्र त्या एका माणसाचा. या स्थित्यंतरात ओळख नेमकी झाली, परंतु खताचा मजकूर अंगठा करणाऱ्याला तेव्हाही वाचता येत नव्हता. सावकारांमधील देवघेवीत विखुरलेले ज्ञान आणि परस्पर जामीनकी. सावकार आणि शेतकरी यांच्यातील देवघेवीत एकाच्या हाती वही आणि दुसऱ्याच्या हाती काही नाही. एकाच पेठेत, एकाच गादीवर, दोन व्यवस्था नांदत होत्या. तेव्हा जुन्या पेठेतील विश्वासाचे गोडवे गाणाऱ्याने तो विश्वास कोणाकोणात होता हे सांगितले पाहिजे. आणि नव्या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्याने आपली योजना कोणत्या गादीवर बसणाऱ्यासाठी आहे हे सांगितले पाहिजे.

ऋणकोने या वहीचे काय केले याचे प्रसिद्ध उदाहरण मराठवाड्याच्या सीमेपलीकडचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो अहमदनगर जिल्ह्यात पसरला. इतिहासकारांनी एक गोष्ट वारंवार नोंदविली आहे : जमावाचा रोख सावकारांच्या देहावर फारसा नव्हता, तो खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ती काढून घेऊन जाळण्यात आली. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषिजन साहाय्य कायदा आला आणि शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्तऐवज गावनिबंधकासमोर होऊ लागला. निजामाच्या मुलखातील नांदेड-लातूरला तो कायदा लागू नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. याहून जुनी परंपरा देहूची. तुकोबांनी घरातील कर्जखते वाटून धाकट्या भावाचा हिस्सा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा वारकरी संप्रदायात सर्वतोमुखी आहे. एका घटनेत ऋणकोंनी वही नष्ट केली, दुसऱ्या कथेत धनकोने. दोहोंत गृहीत असे की, वही नष्ट होऊ शकते, आणि ती नष्ट झाल्यावर माणसामाणसांतील संबंध नव्याने सुरू होऊ शकतो.

ब्लॉकचेनची वही जळत नाही आणि बुडत नाही. तिचे पुरस्कर्ते याला गुण मानतात. फसवणूक करणाऱ्या धनकोपासून संरक्षण म्हणून तो गुण आहेही. सावकाराने मागाहून आकडा वाढविला, हा आरोप त्या वहीत उद्भवणार नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला अशी वही १८७० मध्ये मिळाली असती तर ती कदाचित हवीच असती. परंतु दुष्काळाने थकलेल्या कर्जाचा डाग वीस वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा विहिरीसाठी कर्ज मागताना पुसता आला पाहिजे, ही ऋणकोची दुसरी गरज ती वही भागवीत नाही. भारतातील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. पुसण्याचा हक्क आणि न पुसली जाणारी वही यांचा मेळ कसा घालावा, यावर तंत्रज्ञांचे उत्तर असे की, साखळीवर मजकूर न ठेवता केवळ त्याचा गणिती ठसा ठेवावा, आणि मजकूर बाहेर पुसावा. उत्तर बरे आहे. मात्र मग कर्ज ‘लपविता येणार नाही’ हे निबंधकारांचे मूळ आश्वासनच उरत नाही.

हा प्रश्न केवळ भविष्यातला नाही. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पात्र कर्जखात्यांच्या याद्या विशिष्ट क्रमांकांसह २०२० मध्ये गावोगावी प्रसिद्ध करण्यात आल्या, आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून आपले खाते मान्य करावयाचे होते. याद्या लावण्यामागील हेतू पारदर्शकतेचा होता, आणि आधीच्या योजनांतील गोंधळ पाहता तो अनाठायी नव्हता. तथापि कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे हे चावडीवर वाचले जाणे म्हणजे काय, हे ज्याने गावात पतीवर बियाणे उचलले आहे त्याला सांगावे लागत नाही. पारदर्शकता सत्तेची असावी की दुर्बळाची, हा भेद त्या फळ्यावर पुसट होतो. पीककर्जासाठी बँकांनी सिबिलच्या गुणांकाची अट लावू नये, असे राज्य शासनाला पुनःपुन्हा बजावावे लागते, यावरूनही जुनी नोंद नव्या कर्जाच्या आड कशी येते ते दिसते. सिबिल ही मध्यवर्ती संस्था आहे. तिला जाब विचारता येतो, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते, तिच्यावर २००५ च्या कायद्याचा अंकुश आहे. उद्या तेच काम कोणाच्याही मालकीची नसलेली वही करू लागली तर शासनाने कोणाला बजावावे?

नांदेडचे नाव ब्लॉकचेनच्या इतिहासात एका अप्रिय प्रकरणाने आले आहे. गेनबिटकॉइन ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्ये मिळेल असे तिचे आश्वासन होते. गुंतवणूकदाराने नवे गुंतवणूकदार आणावेत आणि त्यावर दलाली घ्यावी, अशी तिची साखळी होती. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या अल्पमोल चलनात दिला जाऊ लागला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. मुख्य आरोपी अमित भारद्वाज २०२२ मध्ये मरण पावला. निरनिराळ्या राज्यांतील गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने साठांहून अधिक ठिकाणी जे छापे घातले त्यांत दिल्ली, पुणे, चंडीगड, कोल्हापूर आणि बंगळूर यांच्या जोडीने नांदेडही होते.

या प्रकरणाकडे सामान्यतः तंत्रज्ञानाच्या आवरणाखालील फसवणूक म्हणून पाहिले जाते. ते खरे, परंतु त्यात ओळखीच्या प्रश्नाचा जो उलगडा होतो तो अधिक महत्त्वाचा. बिटकॉइनच्या वहीत एकही नोंद खोटी नव्हती. तेथे गेलेले प्रत्येक नाणे गेलेच होते, आणि त्याचा माग आजही त्या वहीत आहे. खोटे होते ते वहीबाहेरचे वचन. अशा साखळी-योजनेची रचनाच अशी की, वचन परक्याच्या तोंडून येत नाही. ते नातेवाईक, वर्गमित्र, सहकारी यांच्या तोंडून येते. अनोळखी खात्यांच्या व्यवस्थेत शिरण्यासाठी वापरली गेली ती जुनी, चेहऱ्याची ओळखच. फरक इतका की, शाहजोग हुंडीत ओळख देणारा शाहा नुकसानीला बांधलेला होता. येथे ओळख देणाऱ्याला दलाली मिळे आणि जोखीम ओळख घेणाऱ्यावर राही. पेठेचा आकार राहिला, तिचा रिवाज गेला. याच प्रकरणाच्या तपासात साहाय्य करणाऱ्या दोन तांत्रिक तज्ज्ञांनाच जप्त चलन वळविल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली, ही घटनाही विसरण्याजोगी नाही. किल्ली ज्याच्या हाती त्याचे धन, हा या व्यवस्थेचा नियम. तो किल्ली तपासासाठी हाती आलेल्याला अपवाद करीत नाही.

मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तेचे व्यवहार करणाऱ्या संस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली ग्राहकाची ओळख नोंदविणे बंधनकारक झाले. गेनबिटकॉइनसारख्या प्रकरणांनंतर हे अपरिहार्य होते. परंतु नाकामोतोने सांगितलेला धोका येथेच प्रत्यक्षात येतो : खाते आणि माणूस यांची सांगड घालणारी यादी आता अनेक कंपन्यांच्या कोठारांत आहे, आणि व्यवहारांची वही सर्वांसमोर उघडी आहे. नागरिकाच्या खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्या हक्काला सर्वांत मोठा धोका राज्यसंस्थेकडून, ही त्यातील प्रमुख चिंता होती. वहीच सार्वजनिक असेल तर धोका राज्यसंस्थेपुरता राहत नाही; शेजारीही वाचक होतो.

विकेंद्रित दाखल्यांचा एक प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्यात आली. बनावट प्रमाणपत्राला आळा घालण्याचे काम अशी व्यवस्था उत्तम करू शकते, आणि दुर्गम भागातील अर्जदाराची पडताळणीची पायपीट वाचत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मराठवाड्याच्या संदर्भात तिची मर्यादा तत्काळ दिसते. येथील कुणबी नोंदींचा वाद हा प्रमाणपत्र बनावट आहे की नाही याचा नाही. निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तरांत काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले आणि त्याचा आज अर्थ काय लावावा, याचा आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्यासाठी नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला. त्याविषयी मतभेद तीव्र आहेत. साखळी दाखल्यानंतरच्या काळाची राखण करते. दाखल्यापूर्वीच्या काळात तिचा प्रवेश नाही.

मग या विचारात ग्राह्य असे काय उरते? बरेच उरते, परंतु ते साखळीत नसून तिच्याहून जुन्या एका गणिती कल्पनेत आहे. १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी शून्य-ज्ञान सिद्धतेची कल्पना मांडली : एखादे विधान सत्य आहे हे, ते का सत्य आहे याचा लवलेशही न सांगता, पटवून देता येते. त्याच वर्षी डेव्हिड चॉम यांनी व्यक्तीने प्रत्येक संस्थेशी निराळ्या टोपणनावाने व्यवहार करावा आणि ती नावे परस्परांशी जुळविता येऊ नयेत अशी योजना सुचविली. हुंडीच्या जगातील विखुरलेल्या ज्ञानाशी नाते सांगणारी कल्पना ही आहे. सर्वांपुढे उघडी वही नव्हे. औसा तालुक्यातील सोयाबीन पिकविणाऱ्याला ‘सातबारा माझ्या नावे आहे आणि एकूण कर्ज अमुक मर्यादेच्या आत आहे’ एवढेच बँकेला सिद्ध करून देता आले, आणि ते कर्ज कोणाचे, किती, कोणत्या आजारपणात घेतलेले हे सांगावे लागले नाही, तर ती ऋणकोच्या एकांतात झालेली खरी भर होईल. २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. जमीन, पीक आणि लाभ यांची माहिती एका क्रमांकाभोवती गोळा होत असताना अशा मर्यादित सिद्धतेची गरज वाढलीच आहे.

तरी येथेही एक अट आहे, आणि ती गणिताच्या आवाक्यातील नाही. पेरणीच्या तोंडावर कर्ज मागणाऱ्याला ‘कमी दाखवून भागते’ असे गणित सांगेल. ‘सगळे दाखव, नाहीतर पुढचा’ असे धनको सांगेल. आपले ओळखपत्र आपल्या मुठीत असणे आणि मूठ उघडण्यास नकार देता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसरी कायद्याने धनकोवर मर्यादा घातल्याशिवाय येत नाही. धनकोने काय मागू नये, याची सूची विकेंद्रित ओळखीच्या वाङ्मयात क्वचितच आढळते. ऋणकोने काय दाखवू शकावे, याची मात्र विपुल आढळते.

निबंधकारांच्या आणखी एका सूचनेचा विचार केला पाहिजे, कारण ती सर्वांत मानवी आहे. किल्ली हरवली तर काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, व्यक्ती ज्या समुदायांची सभासद आहे त्यांतील निवडक सभासदांच्या बहुमताने तिचा ‘आत्मा’ तिला परत मिळावा. पेठ-परपेठेच्या रिवाजाच्या अगदी जवळ जाणारी ही कल्पना आहे. ओळख अखेरीस माणसांच्या साक्षीवर उभी असते ही कबुली तीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे मरण पावली, आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. दगडमातीच्या घरांसह घरातले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. मेलेला कोण, वाचलेला कोण, कोणाचा वारस कोण, अशा वेळी शेजारी, भावकी आणि पाटील-तलाठी यांच्याच साक्षीवर भिस्त असते. आणि तेथे साक्ष देणारेही त्याच ढिगाऱ्यात होते. निबंधातील योजना सभासद निरनिराळ्या समुदायांतून यदृच्छेने निवडावेत असे सांगते, म्हणजे असा एकाच ठिकाणचा घात टळेल. शहरात राहणाऱ्या, अनेक संस्थांत वावरणाऱ्या माणसाला ते शक्य आहे. ज्याचे सारे समुदाय, म्हणजे भावकी, सोसायटी, भजनी मंडळ आणि पतपेढी, एकाच गावठाणात आहेत, त्याच्यासाठी निराळे समुदाय कोठून आणावेत, याचे उत्तर निबंधात नाही. किल्लारीत ते तालुक्याच्या दप्तराला द्यावे लागले. आणि ते दप्तर मध्यवर्ती होते.